पहिलं हाय-पॉवर रॉकेट : लेव्हल वनच्या उड्डाणापर्यंत

हाय-पॉवर रॉकेट वर नेण्याचं काम मोटर, म्हणजे इंधन भरलेली बंद नळी, करते, आणि मोटर विकत मिळते. ते धड खाली आणणं मात्र सर्वस्वी बांधणाऱ्याच्या हातात असतं. त्यामुळे या लेखात मोटरपेक्षा गोंद, दोरी आणि पॅराशूट यांनाच जास्त जागा दिली आहे.

अमेरिकेत शिकायला आलेली आपली बरीच मुलं विद्यापीठाच्या रॉकेट टीममध्ये शिरतात. तिथे कुणाच्या वाट्याला नुसतं कोडिंग येतं, कुणाच्या वाट्याला नुसते फिन, म्हणजे बुडाशी बसणारे पंख. अख्खं रॉकेट एकट्यानं बांधायचा योग लेव्हल वन या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्राच्या निमित्तानं येतो, आणि तो सोडू नये असं मला मनापासून वाटतं. तुम्ही टीममध्ये नसलात, नोकरी करणारे असलात, तरी हरकत नाही. अठरा वर्षं पूर्ण हवीत आणि शनिवार-रविवार हाताशी हवेत.

हाय-पॉवर कशाला म्हणायचं, ते आधी पाहू. अमेरिकेत मॉडेल रॉकेटची हद्द ठरलेली आहे: वजन १५०० ग्रॅमपर्यंत आणि इंधन १२५ ग्रॅमपर्यंत. त्यापलीकडे गेलात, किंवा मोटरचा एकूण आवेग, म्हणजे सरासरी जोर गुणिले जळण्याचे सेकंद, १६० न्यूटन-सेकंदांच्या वर गेला, की रॉकेट हाय-पॉवर ठरतं. मग ते उडवायला प्रमाणपत्र लागतं, मैदान लागतं, आणि त्या मैदानावरच्या हवाई हद्दीसाठी विमान वाहतूक खात्याची म्हणजे एफएएची परवानगी लागते. ही परवानगी क्लब काढतो. आपण क्लबच्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी जायचं.

प्रमाणपत्रं दोन संस्था देतात: नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री, म्हणजे एनएआर, आणि ट्रिपोली रॉकेट्री असोसिएशन. लेव्हल वनला एच आणि आय वर्गाच्या मोटर चालतात, टूला जे, के, एल आणि थ्रीला एम, एन, ओ. लेव्हल वनला लेखी परीक्षा नसते. स्वतः बांधलेलं रॉकेट अधिकृत परीक्षकासमोर एच किंवा आय मोटरवर उडवायचं आणि ते मोडतोड न होता परत आणून दाखवायचं, एवढीच अट. किट वापरलं तरी चालतं. पण जोडणी तुमचीच हवी.

इंधन घरी करायचं नाही

हा नियम का आला, ते जाणून घेण्यासारखं आहे. स्पुटनिकच्या काळात अमेरिकेतली शाळकरी पोरं तळघरात रसायनं कालवून रॉकेट बनवायची. त्यात बोटं गेली, डोळे गेले, काही जीवही गेले. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावात बुटांचं दुकान चालवणारे ऑर्व्हिल कार्लाइल यांना शोभेच्या दारूकामाची चांगली जाण होती. त्यांनी १९५४च्या सुमारास असं छोटं रॉकेट केलं की ज्यात तयार, बंद मोटर बसवायची, उडवायची आणि नंतर नवी घालायची. १९५७ साली पोरांच्या धोकादायक प्रयोगांबद्दल जी. हॅरी स्टाइन यांचा लेख छापून आला. तो वाचून कार्लाइल यांनी त्यांना आपले नमुने पाठवले, आणि त्याच वर्षी स्टाइन यांनी पुढे एनएआर झालेली संस्था उभी केली. मोटर कारखान्यात आणि रॉकेट घरात, ही विभागणी तेव्हापासून चालत आली आहे. या छंदाचा सुरक्षिततेचा लौकिक तिच्यावरच उभा आहे.

भारतातून हे वाचणाऱ्यांसाठी दोन शब्द. आपल्याकडे १८८४च्या स्फोटक कायद्यातल्या स्फोटकांच्या व्याख्येत रॉकेटही येतात, आणि परवान्यांचा कारभार पाहणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेची मुख्य कचेरी नागपुरातच आहे. तेव्हा गच्चीवर किंवा कॉलेजच्या मागच्या मोकळ्या जागेत साखर आणि सोरा घेऊन बसू नका. हात गेला तर परत येत नाही, आणि वर गुन्हा दाखल होतो तो वेगळाच. या लेखातलं स्थैर्य, फिन, पॅराशूट हे सगळं पाण्याच्या रॉकेटवर जसंच्या तसं शिकता येतं. अमेरिकेतून येताना मोटर बॅगेत टाकून आणू, हा विचारही करू नका. विमानात ती कुठल्याच सामानात चालत नाही.

मोटरचं नाव वाचायला शिका

एच १३५ डब्ल्यू-१४ए हे एअरोटेक कंपनीच्या एका मोटरचं नाव आहे. एच म्हणजे एकूण आवेगाचा वर्ग, १६० ते ३२० न्यूटन-सेकंद. प्रत्येक पुढच्या अक्षराला ही मर्यादा दुप्पट होते, म्हणून आय ३२० ते ६४०. १३५ हा सरासरी जोर, न्यूटनमध्ये. डब्ल्यू हा इंधनाचा प्रकार, यात पांढरी ज्योत दिसते. शेवटचा १४ हा आकडा नवख्यांना सगळ्यात जास्त चकवतो. इंधन संपल्यावर मोटर इतके सेकंद गप्प राहते आणि मग पुढच्या बाजूला छोटा स्फोट करून पॅराशूट ढकलते. हे सेकंद उड्डाणापासून मोजायचे नाहीत, जळण संपल्यापासून मोजायचे. पुढचा ए सांगतो की हा विलंब कमी करता येतो. त्यासाठी कंपनीचंच छोटं छिद्रक मिळतं आणि ते कंपनीच्या कागदात लिहिलं आहे तसंच वापरायचं.

पहिल्या वेळेला एकदाच वापरायची मोटर घ्या. पुन्हा भरता येणारी धातूची केसिंग दीर्घकाळात स्वस्त पडते, पण तिच्यात ओ-रिंग, ग्रीस, जोडणीचा क्रम असा जास्तीचा व्याप असतो. पहिल्या उड्डाणाच्या दिवशी तो डोक्याला नको. मोटर टपालाने मागवली की धोकादायक मालाचा वेगळा आकार पडतो, म्हणून मैदानावर येणाऱ्या विक्रेत्याला आधी कळवून ठेवलेलं बरं.

आराखडा

ओपनरॉकेट हे फुकट सॉफ्टवेअर उतरवून घ्या. सांपो निस्कानेन यांनी फिनलंडमध्ये पदव्युत्तर प्रबंधासाठी ते लिहिलं आणि आज जगभर वापरलं जातं. त्यात नळीची लांबी, फिनचा आकार, प्रत्येक भागाचं वजन भरलं की रॉकेट किती उंच जाईल, किती वेगानं रेल (उडताना रॉकेटला सरळ धरणारी उभी खाचेची पट्टी) सोडेल आणि स्थिर राहील का, ते कळतं.

पहिल्यासाठी माझी शिफारस अशी: ४ इंच व्यासाची जाड पुठ्ठ्याची नळी, एकूण लांबी दीड मीटरच्या आसपास, प्लायवूडचे तीन किंवा चार फिन, प्लॅस्टिकचा नोज कोन म्हणजे निमुळता शेंडा, आत ३८ मिलिमीटरची मोटर-नळी. २९ मिलिमीटरची मोटर लावायची असेल तर अडॅप्टर मिळतो. मोटर धरून वजन दीड किलोपर्यंत ठेवा. फायबरग्लासच्या मोहात पडू नका. तो जड असतो, कापताना त्याची धूळ छातीत जाते, आणि एच मोटरला त्याची गरजही नसते. जाड आणि जरा जड रॉकेट फार उंच जात नाही, आणि पहिल्या वेळी आपल्याला तेच हवं असतं. डोळ्यांना शेवटपर्यंत दिसलं पाहिजे.

स्थैर्याचा नियम साधा आहे. गुरुत्वमध्य पुढे, दाबकेंद्र मागे. दाबकेंद्र म्हणजे हवेचा बाजूचा एकूण रेटा जिथे लागू होतो असं मानायचं तो बिंदू. तो कसा काढायचा याची हातानं करता येणारी समीकरणं जेम्स बॅरोमन यांनी १९६०च्या दशकात दिली. दोन्ही बिंदूंमध्ये किमान नळीच्या व्यासाइतकं अंतर हवं. दीड ते दोन व्यास असेल तर उत्तम. दाबकेंद्र शेंड्यापासून ११५ सेंटिमीटरवर आणि गुरुत्वमध्य ९८वर असेल, व्यास १० असेल, तर १.७ व्यास झाले. फार वाढवूनही भागत नाही. तीन-चार व्यास झाले की रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवून तिरपं पळतं.

जोराचंही गणित करून ठेवा. एनएआरची किमान अट अशी आहे की सरासरी जोर वजनाच्या तिप्पट हवा, पण व्यवहारात पाचपट धरतात. दीड किलोचं वजन म्हणजे जवळपास १५ न्यूटन. १३५ भागिले १५, म्हणजे नऊपट. सहा-आठ फुटांच्या रेलवरून ते सेकंदाला १५ मीटरपेक्षा जास्त वेगानं सुटेल. त्याहून हळू सुटलं तर फिनना धरायला पुरेशी हवा मिळत नाही.

बांधणी

आधी सगळं कोरडं जोडून पाहा. गोंद न लावता मोटर-नळीवर तिला मधोमध धरणाऱ्या प्लायवूडच्या पुढच्या-मागच्या कड्या सरकवा, त्या बाहेरच्या नळीत घाला, फिन खाचांतून आत सारून मोटर-नळीला टेकतात का ते बघा. टेकत नसतील तर आत्ताच घासा. इपॉक्सी लावल्यावर उशीर झालेला असतो.

फिनच्या जागा आखायला नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळा, जिथे टोक टोकाला मिळतं तिथे खूण करा, पट्टी सपाट करून तिचे तीन सारखे भाग करा आणि पुन्हा गुंडाळून खुणा नळीवर उतरवा. त्यावरून उभ्या रेघा मारायला दाराच्या चौकटीचा कोपरा किंवा ॲल्युमिनियमचा अँगल धरा.

मोटर-नळीचं काम या रॉकेटमध्ये सगळ्यात मोलाचं, कारण मोटरचा सगळा रेटा याच सांध्यांतून वर जातो. सांधायच्या सगळ्या जागा सॅंडपेपरनं घासून खरखरीत करा, गुळगुळीत पृष्ठभागाला इपॉक्सी धरत नाही. पाच मिनिटांत वाळणारी इपॉक्सी तात्पुरतं धरून ठेवायला ठीक. भार घेणाऱ्या सांध्यांना तीस मिनिटांची किंवा त्याहून सावकाश वाळणारीच वापरा. नोज कोन आणि पॅराशूट नळीला बांधून ठेवणाऱ्या दोरीचा केव्हलारचा, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या मजबूत धाग्याचा, पट्टा याच टप्प्यावर मोटर-नळीला आणि पुढच्या कडीला पक्का चिकटवा. नंतर तिथे हात पोचत नाही.

आता एक युक्ती. मागची कडी आत्ता चिकटवायची नाही. तिला मास्किंग टेपचे दोन कान लावा, नळी मध्यावर धरून ठेवण्यापुरती ती बसवा, आणि पुढच्या कडीची इपॉक्सी वाळली की कान धरून ओढून काढा. मग फिन बसवा. मागचं तोंड उघडं असल्यामुळे फिन आणि मोटर-नळी यांच्या सांध्यात आतून लांब काडीनं इपॉक्सी ओतता येते. रॉकेट तिरकं धरा म्हणजे ती सांध्यातून ओघळत जाते. एक बाजू वाळू द्या, मग दुसरी. आतले सगळे सांधे भरले की मागची कडी कायमची बसवून टाका. असा आतून तीन ठिकाणी धरलेला फिन जमिनीवर आपटला तरी सहसा सुटत नाही.

बाहेरच्या सांध्यालाही इपॉक्सीची गोलसर भर द्यायची. सांध्याच्या दोन्ही बाजूंना टेप लावा, इपॉक्सी घाला, हातमोजा घातलेलं बोट स्पिरिटमध्ये बुडवून एकाच हातासरशी वरून खाली फिरवा आणि इपॉक्सी ओली असतानाच टेप काढा. वाळल्यावर टेप काढली तर कडा फाटतात. खोलीची खिडकी उघडी ठेवा आणि हातमोजे प्रत्येक वेळी घाला. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की जन्मभर सोडत नाही.

उरलेली कामं लवकर उरकतात. रेलच्या खाचेत सरकणारी दोन बटणं लागतात, एक अगदी मागे आणि दुसरं गुरुत्वमध्याजवळ. त्यांचा स्क्रू पुठ्ठ्यात नको, आतल्या प्लायवूडमध्ये जायला हवा. मोटर मागून निसटू नये म्हणून विकतचं पेचाचं रिटेनर घ्या. नोज कोनच्या खांद्याखाली नळीला तीन मिलिमीटरचं एक भोक पाडा. उंचीवर बाहेरचा दाब घटतो आणि आत कोंडलेली हवा नोज कोन वेळेआधीच उडवू शकते. रंग शेवटी. जमिनीवर शोधायला सोपा असा भडक नारिंगी चांगला.

खाली येण्याची सोय

सेकंदाला ५ ते ६ मीटर, हा जमिनीवर उतरण्याचा मानवणारा वेग. मोटर जळून गेल्यावर १.४ किलो उरणाऱ्या रॉकेटला एक मीटर व्यासाचं साधं नायलॉनचं पॅराशूट सेकंदाला सुमारे ६ मीटरनं उतरवतं. मोठं घेतलं तर आणखी अलगद उतरेल, पण तितकंच लांबही वाहून जाईल. हिशोब करून पाहा: ४०० मीटरवरून ६च्या वेगानं यायला ६५ ते ७० सेकंद. वारा सेकंदाला ५ मीटर असेल तर रॉकेट सव्वातीनशे मीटर लांब पडेल. व्यास दुप्पट केला की वेग निम्मा आणि चाल दुप्पट. मैदानाच्या कडेला झाडं किंवा विजेच्या तारा असतील, तर हा फरक रॉकेट मिळण्या-न मिळण्याचा ठरतो.

दोरी रॉकेटच्या लांबीच्या तीन ते पाच पट ठेवा. आखूड दोरी झटका खाते, आणि नोज कोन उसळी मारून परत नळीवर आदळतो. पॅराशूट आणि मोटर यांच्यामध्ये आग न धरणाऱ्या नोमेक्स कापडाचा चौकोन हवा, नाहीतर मोटरचा तप्त वायू नायलॉन वितळवून त्याचा गोळा करतो.

घडी घालायची ती अशी: पॅराशूटच्या पाकळ्या एकावर एक आणून त्रिकोण करा, त्याची उभी घडी घाला, मग नागमोडी दुमडा. दोऱ्या बाहेरून गच्च आवळून गुंडाळू नका, घडीच्या आत सैल ठेवा. केव्हलारची दोरीही नागमोडी घालून नळीत सोडा. सगळं नळीत सहज सरकलं पाहिजे. बोटानं ठोसून बसवावं लागत असेल तर वर गेल्यावर ते बाहेर येणार नाही. नोज कोनचा घट्टपणाही तपासा. कोन धरून रॉकेट उचललं तर ते लटकून राहावं, आणि हलकासा झटका दिला की सुटावं. सैल वाटला तर खांद्यावर मास्किंग टेपचा वेढा द्या.

विलंबाचं गणित सॉफ्टवेअरमधून काढा. वर सांगितलेल्या रॉकेटला एच १३५वर सुमारे ४०० मीटर उंची मिळते, आणि जळण संपल्यापासून शिखर गाठायला सात-आठ सेकंद लागतात. म्हणून १४चे ८ करायचे. तसेच १४ ठेवले तर रॉकेट नाक खाली करून सहा सेकंद सुसाट पडलेलं असेल, आणि त्या वेगात पॅराशूट उघडलं की केव्हलारची दोरी पुठ्ठ्याची नळी वरून खाली उसवत नेते. नळी अशी फाटली की ते रॉकेट लगेच पुन्हा उडवता येत नाही आणि प्रमाणपत्र हुकतं. बिघडणाऱ्या प्रयत्नांत चुकीचा विलंब आणि ठासून भरलेलं पॅराशूट या दोघांचा वाटा मोठा असतो, आणि दोन्ही आदल्या रात्री घरी तपासता येतात.

शेवटी खरं वजन. मोटर, पॅराशूट, दोरी सगळं बसवून रॉकेट एका दोरीच्या फासावर आडवं तोला. जिथे तोलेल तिथे नळीवर गुरुत्वमध्याची खूण करा, आणि सॉफ्टवेअरमधल्या दाबकेंद्राचीही वेगळ्या रंगाची खूण करा. सॉफ्टवेअरचं वजन आणि तराजूवरचं वजन कधीच जुळत नाही, इपॉक्सी हमखास जास्त लागलेली असते. तराजूचा आकडा भरून गणित पुन्हा चालवा.

मैदानावर

कॅलिफोर्नियातलं लुसर्नचं कोरडं तळं किंवा नेवाडातलं ब्लॅक रॉकचं वाळवंट ही नावाजलेली ठिकाणं. पण शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात भरणारे क्लबही पुष्कळ आहेत. पहिल्यांदा नुसते बघायला जा. परीक्षक कोण, मोटर कोण विकतं, रेल कुठला आहे, सगळं तिथेच कळतं. लोक आवर्जून मदत करतात, विचारायला लाजू नका.

उड्डाणाच्या दिवशी आधी कार्ड भरायचं: रॉकेटचं वजन, मोटर, विलंब. मग सुरक्षा अधिकारी रॉकेट हातात घेतात, फिन हलवून बघतात, नोज कोन ओढतात, दोन खुणांमधलं अंतर पाहतात. त्यांनी नको म्हटलं तर वाद घालायचा नाही.

इग्नायटर, म्हणजे विजेवर मोटर पेटवणारी वात, रेलवर गेल्यावरच घालायचा, आधी नाही. रॉकेट रेलवर चढवून उभं करा, मग इग्नायटर मोटरमध्ये वरच्या टोकापर्यंत सारा आणि टोपीनं किंवा टेपनं धरून ठेवा. तो अर्ध्यावरच राहिला तर मोटर नीट पेटत नाही. बटणाकडून येणाऱ्या तारांच्या क्लिपा इग्नायटरला जोडण्याआधी एकमेकींना टेकवून ठिणगी येत नाही ना ते पाहा. जोडल्या की मागे फिरा. एच, आय आणि जे मोटरसाठी किमान १०० फूट अंतर लागतं. वारा ताशी २० मैलांच्या वर असेल तर त्या दिवशी उड्डाण नाही. रेल उभ्या रेषेपासून २० अंशांपेक्षा जास्त झुकवायचा नाही.

पाच आकडे उलटे मोजले जातात आणि बटण दाबलं जातं. रॉकेट हललं नाही तर यंत्रणा बंद करून साठ सेकंद थांबायचं, मगच जवळ जायचं. उडालं तर पॅराशूट उघडेपर्यंत नजर काढू नका, आणि उतरताना पलीकडचं एखादं झाड किंवा खांब खूण म्हणून धरा. त्या रेषेत सरळ चालत गेलं की गवतातही सापडतं. उतरतं रॉकेट हातानं झेलायला धावू नका. तारांवर अडकलं तर ते गेलं असं समजा.

सापडलं की काहीही उचलण्याआधी फोटो काढा. परीक्षक मोटरची केसिंग जागेवर आहे का, फिन शाबूत आहेत का, नळी फाटली नाही ना, हे बघतात. नवी मोटर घालून हे रॉकेट लगेच पुन्हा उडेल का, हाच त्यांचा प्रश्न. उत्तर हो असेल तर अर्जावर सही होते आणि त्याच दुपारी तुम्ही दुसरी एच मोटर विकत घेऊ शकता.

लगेच लेव्हल टूच्या मागे लागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. हेच रॉकेट वेगवेगळ्या एच मोटरवर आणि मग एखाद्या आय मोटरवर उडवा. आत छोटा अल्टिमीटर, म्हणजे उंची मोजणारं यंत्र, ठेवा, दर वेळी सॉफ्टवेअरनं सांगितलेली उंची आणि प्रत्यक्ष उंची शेजारी शेजारी लिहा, पॅराशूट शिखराच्या किती आधी किंवा नंतर उघडलं तेही टिपा. त्या वहीवरून तुमच्या रॉकेटला हवेचा खरा अडथळा किती होतो ते कळतं, आणि पुढच्या वेळी विलंब अंदाजानं ठरवावा लागत नाही. लेव्हल टूच्या लेखी परीक्षेलाही ही समज उपयोगी पडते.